लाल बाटलीचं काय झालं?

पत्र : मी इचलकरंजीत राहतो, सोळा यंत्रमाग आहेत. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ९३ टक्के होते. आम्ही उसाच्या चिपाडाची भुकटी वापरून कापड रंगाईचं सांडपाणी स्वच्छ करण्याचा प्रयोग केला. ९८ टक्के रंग निघाला. विज्ञान प्रदर्शनात तालुक्यात पहिला, जिल्ह्यात दुसरा नंबर आला, पेपरात फोटोही आला. पण या नादात घटक चाचणीत रसायनशास्त्रात २५ पैकी ११ पडले आणि आईच्या मिक्सरचं भांडं गेलं ते वेगळंच. आता एक एजन्सी ७५ हजारांत आंतरराष्ट्रीय शोधनिबंध आणि पेटंट करून द्यायला तयार आहे. आमचं लक्ष मेडिकलच आहे, पण नंबर नाही लागला तर परदेशी प्रवेशाला याचा उपयोग होईल ना? की यातच स्टार्टअप करावा? अहवाल स्कॅन करून जोडला आहे.
– एक पालक, इचलकरंजी

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र मी एकदा वाचलं आणि अहवाल तीनदा. चौदा पानांपैकी तेरावं पान तुम्ही स्कॅन करताना बहुधा काढणार होतात आणि विसरलात. विसरलात ते फार बरं झालं. त्या पानावर पेन्सिलने, घाईच्या अक्षरात लिहिलंय : ‘प्रोसेसचं पाणी, मामाने आणलं. लाल. ४ वेळा केलं. रंग गेला नाही. भुकटी दुप्पट केली तरी नाही. पाणी उलट पिवळट-गढूळ. का???’ या मजकुरावर निळ्या बॉलपेनची तिरकी रेघ आहे आणि शेजारी मोठ्या माणसाच्या अक्षरात ‘हे पान घेऊ नये’ असं लिहिलंय. (प्रोसेस म्हणजे कापड रंगवण्या-धुण्याचा कारखाना.)

चौदावं पान टाइप केलेलं आहे. ‘अशा प्रकारे शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून वस्त्रोद्योगाचे सांडपाणी पूर्णपणे स्वच्छ करता येते हे सिद्ध होते.’

तेरावं पान खरं आणि चौदावं खोटं, इतकं हे सरळ आहे. बाकीची बारा पानं मी दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या विज्ञान प्रदर्शनात पाहते. शेंगांची टरफलं, भाताचा तूस, केळीची सालं, चिपाड. एका चंचुपात्रात निळं पाणी, दुसऱ्यात नितळ पाणी, मागे थर्माकोलवर कापसाचे ढग. मुलांचं पाठांतर पक्कं असतं. ‘हे तुम्ही खऱ्या सांडपाण्यावर करून पाहिलंत का?’ असं विचारलं की मुलं शिक्षकांकडे बघतात. तुमच्या मुलीने ते करून पाहिलं, तेही चार वेळा, आणि जमलं नाही असं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. सोळा वर्षांच्या पोरीने! आणि तुम्ही त्यावर रेघ मारलीत.

तुमचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. सोळा माग चालवणारा माणूस गिऱ्हाइकाला डागी तागा वर ठेवून दाखवत नाही, तो गठ्ठ्याच्या तळाशी जातो. पण प्रयोगवहीत डागी तागाच आधी उलगडायचा असतो, कारण शिकण्यासारखं त्यातच काही असतं. हे मला कळायला वेळ लागला. एम.एस्सी.च्या प्रकल्पात माझ्या आलेखावरचे तीन बिंदू सरळ रेषेत बसेनात, म्हणून मी ते गाळले. रेषा सुरेख आली, गुण उत्तम मिळाले. ते तीन बिंदू का भरकटले होते, ते मात्र मला आजही माहीत नाही. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, मी आपणहूनच गाळले. तुमच्या मुलीला तर घरातूनच सांगितलं गेलं.

तुमच्या मूळ पत्रात (वर ते आखडून छापलंय) ‘आम्ही’ पानोपानी आहे. आम्ही प्रयोग केला, आमचं लक्ष मेडिकल, आम्हाला पेटंट. ‘ती म्हणते’ असं एकदाही आलेलं नाही. तिला डॉक्टर व्हायचंय का, मला कळलं नाही. तिला हा विषय पुढे न्यायचाय का, तेही नाही. प्रयोगामुळे मार्क गेले, म्हणून आता प्रयोगाकडूनच भरपाई वसूल करायची, हा हिशेब मात्र स्वच्छ कळला. हा हिशेब तिलाही कळला असेल. मुलांना असले हिशेब फार लवकर कळतात.

आता त्या तीन प्रश्नचिन्हांकडे वळते, कारण तुमचा मूळ गैरसमज तिथेच आहे. तुम्ही धरून चाललात की रंग म्हणजे रंग. निळा निघाला तर लालही निघायला हवा. तिच्या निळ्या बाटलीत मिथिलीन ब्लू आहे. माशांच्या औषधाच्या नावाने ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो तो. अहवालाला पावतीही जोडली आहे. पाण्यात विरघळला की त्याच्या रेणूवर धन प्रभार असतो, आणि चिपाडाच्या भुकटीचा पृष्ठभाग साध्या पाण्यात ऋण असतो. दोघं एकमेकांना ओढतात, रंग भुकटीला चिकटतो, पाणी नितळ होतं. लाकडाचा भुसा घ्या, चहाचा चोथा घ्या, बहुधा हेच होईल. म्हणून तर शाळेपासून पीएच.डी.पर्यंत सगळ्यांचा हा लाडका रंग. मामाने आणलेलं लाल पाणी वेगळ्या जातीचं. सुती कापडाला हल्ली मुख्यतः रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) रंग लावतात, आणि त्यांच्या रेणूवर सल्फोनेट गट असल्यामुळे ते पाण्यात ऋण असतात. ऋण ऋणाला ढकलतं. तुमच्या मेव्हण्याला विचारा. प्रभार-बिभार त्यांना माहीत नसेल, पण मीठ माहीत असेल. गडद रंगाच्या लॉटला दर लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम, कधी त्याहून जास्त मीठ का ओततात? कापूसही पाण्यात ऋण, रंगही ऋण. मिठाशिवाय रंग कापसाकडे नीट वळतच नाही. मग सोडा घालून तो पक्का करतात. एवढं करूनही रंगाचा बराच हिस्सा पाण्याशीच प्रक्रिया करून निकामी होतो आणि धुण्यात निघून जातो. आता गंमत बघा. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि चिपाडातही सर्वांत मोठा वाटा सेल्युलोजचाच. म्हणजे मीठ, सोडा, उष्णता, वेळ, सगळं देऊन जो रंग सेल्युलोजला धरून राहिला नाही, नेमका तोच तिच्या बाटलीत आला होता. तो चिपाडाला का धरेल? पाणी पिवळट झालं त्यालाही कारण आहे : प्रोसेसचं पाणी सोड्यामुळे अल्कलीधर्मी असतं, अशा पाण्यात कच्च्या चिपाडातलं लिग्निन (वनस्पतीचे तंतू घट्ट धरून ठेवणारं द्रव्य) थोडं थोडं सुटू लागतं. म्हणजे तिचा प्रयोग फसलेला नव्हताच. चारही वेळा तो बरोबर उत्तर देत होता.

मग हा विषय पोकळ आहे का? अजिबात नाही. लाल पाण्यात आम्ल घालून पीएच दोन-तीनपर्यंत उतरवला की भुकटीचा पृष्ठभाग धनाकडे झुकतो आणि तोच हट्टी रंग बऱ्यापैकी चिकटायला लागतो. फक्त एका बाटलीला चमचाभर आम्ल पुरतं. रोज लाखो लिटर पाणी सोडणाऱ्या प्रोसेसला टँकर लागेल, आणि नंतर ते उदासीन करताना पाण्यात आणखी क्षार पडतील. दुसरी वाट कोळशाची. बऱ्याच घरांतल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा असतो. तो शेतीचा टाकाऊ मालच, पण आठ-नऊशे अंशांवर वाफेत भाजून काढलेला, म्हणून महाग. तिसरी वाट बुरशीची. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरश्या चिपाडावर, पेंढ्यावर वाढतात आणि लॅकेजसारखी विकरं (एन्झाइम) सोडतात. ती रंगाचा रेणूच तोडतात. जिवाणू आणि वनस्पती वापरून कापडाचे रंग तोडण्याचं काम शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात अनेक वर्षं झालंय. तुमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर.

तुमच्या अहवालात न आलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते मीठ. चिपाड मीठ धरत नाही. कोळसाही धरत नाही. रंग शंभर टक्के काढला तरी मीठ तसंच पाण्यात राहतं आणि पाणी दिसतं मात्र काचेसारखं. तमिळनाडूतल्या तिरुपूरला हेच भोवलं. होजिअरीच्या त्या गावात रंगाईच्या कारखान्यांचं पाणी नोय्यल नदीत जात राहिलं, खालच्या अंगाला ओरतुपाळयम धरणात साठत राहिलं, आणि ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधलं त्यांनाच ते खारट पाणी नकोसं झालं. शेतकरी कोर्टात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. पुढे ते सुरू झाले ते पाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही या अटीवर. आधी जैविक प्रक्रिया, मग आरओचे पडदे, मग बाष्पक, आणि शेवटी निघालेलं मीठ परत रंगाईला. केंद्राने २०१६ मध्ये कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी जी मानकं काढली त्यांत रंगाला मर्यादा आहे, तशीच विरघळलेल्या क्षारांनाही : लिटरला २१०० मिलिग्रॅम. रंगाईच्या एका घाण्यात लिटरला पन्नास हजार मिलिग्रॅम मीठ पडतं. धुण्याच्या पाण्याने ते कितीही पातळ झालं तरी हिशेब तुम्हीच करा.

आणि इचलकरंजीच्या माणसाला हे वेगळं सांगायला हवं का? २०१२ ची काविळीची साथ तुमच्या गल्लीने पाहिली असेल. ती पाण्यातूनच आली आणि तिच्या विषाणूला रंग नव्हता. नितळ पाण्याचा फोटो पेपरात छापून आला म्हणून पाणी स्वच्छ झालं, असं पंचगंगेच्या काठावर तरी कुणी म्हणू नये.

एजन्सीबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट सांगते : देऊ नका. तिने न लिहिलेला निबंध तिच्या नावावर छापून येईल, पैसे भरले की काहीही छापणाऱ्या एखाद्या नियतकालिकात. परदेशातल्या मुलाखतीत कुणी नुसतं ‘हाच रंग का निवडलास?’ असं विचारलं तर ती काय सांगणार? पेटंटला नवेपणा लागतो. चिपाडाने मिथिलीन ब्लू काढणं शेकडो लोकांनी आधी छापलेलं आहे, शिवाय तुमचा प्रयोग पेपरात येऊन गेलाय. एजन्सी बहुधा नुसता अर्ज दाखल करेल. कुठलाही अर्ज साधारण १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतोच, आणि तेवढ्यावर ‘पेटंट पब्लिश झालं’ म्हणून तुम्हाला रंगीत प्रमाणपत्र देतील. प्रसिद्ध होणं आणि मंजूर होणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी तुमच्यासारख्या व्यक्तीला १६०० रुपये पडते. बाकीचे पैसे कशाचे, ते त्यांनाच विचारा.

स्टार्टअपचं म्हणाल तर आधी चिपाडाचा भाव काढा. तुम्ही त्याला कचरा म्हणता. साखर कारखाना त्यावर बॉयलर पेटवतो, वीज विकतो, आणि गुऱ्हाळाच्या चुलाणाला तर दुसरं जळण लागत नाही. खरा टाकाऊ माल पाहिजे असेल तर शेतात पेटवून देतात ते पाचट बघा. आणि ही रंग प्यालेली भुकटी शेवटी जाणार कुठे? तुमच्या अहवालात ‘परसात टाकली’ एवढंच आहे. पहिल्या पावसात तो निळा तिथून वाहून गटारात जाईल. कारखान्यांच्या प्रक्रिया केंद्रातला रासायनिक गाळ कायद्याने घातक कचऱ्यात मोडतो आणि तो हलवायला पैसे मोजावे लागतात. तुमच्या स्टार्टअपचा मोठा खर्च तोच ठरेल.

करिअरचा प्रश्न तुम्ही विचारलाय म्हणून त्याच्या वाटा सांगते, त्या सोप्या आहेत. गणित सोडलं नसेल तर सीईटीतून तुमच्याच गावातल्या डीकेटीई कॉलेजला वस्त्रतंत्रज्ञान किंवा मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तंतू आणि वस्त्रप्रक्रिया. शुद्ध विज्ञान हवं असेल तर रसायनशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. किंवा आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा. नीटबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. गणित सोडलं आहे की नाही, हे मात्र पत्रात कुठेच नाही. मेडिकल म्हणून सोडलं असेल तर इंजिनीअरिंगच्या बहुतेक वाटा आताच बंद होतात. तो निर्णय तिला विचारून झाला होता का, एवढं एकदा आठवून बघा.

हे क्षेत्र दिसायला देखणं नाही, तेही सांगून ठेवते. सांडपाण्यावर काम करणाऱ्या केमिस्टचा दिवस वासात जातो, रात्रपाळीला पंप बंद पडतो, मालक म्हणतो आजचा दिवस सोडून दे. ‘नाही सोडणार’ म्हणणारी माणसं तिथे लागतात. चार वेळा प्रयोग करून ‘रंग गेला नाही’ असं लिहिणारी मुलगी उद्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या नोंदवहीतही खरंच लिहील, अशी मला आशा आहे. डॉक्टर झाली तरी तिच्या हातचा केसपेपर खरा असेल. म्हणून तिने काय व्हावं यावर मी आज काहीच बोलणार नाही. अकरावीच्या पहिल्या चाचणीवर आणि एका प्रदर्शनावर ते ठरवायची घाई तुम्हाला आहे, तिला नाही.

ते ११ मार्क कमीच आहेत, त्यावर पांघरूण घालत नाही. पण अकरावीच्या रसायनशास्त्रात अधिशोषणाचा, म्हणजे ॲडसॉर्प्शनचा अख्खा धडा आहे. ज्या मुलीने ते घरात करून पाहिलं तिला हा धडा जड जाऊ नये. जड जात असेल तर क्लासमध्ये प्रयोग आणि पुस्तक यांची गाठ कुणी घालून देत नाहीये. मार्क प्रयोगाने खाल्ले असं तुम्ही म्हणता. क्लासची वेळ, जाण्या-येण्याची वेळ आणि झोप यांचा हिशेब एकदा कागदावर मांडा, मग बोलू.

आता दोन शब्द मुलीशी.

बाळ, तुझं तेरावं पान मी वाचलं. रेघेखालचं सगळं वाचता येतं. त्या ‘का???’चं अर्धं उत्तर मी वर बाबांना लिहिलंय, बाकीचं अर्धं तू काढ. लाल बाटली अजून असेल तर तिला तारखेची चिठ्ठी लाव : कुठल्या प्रोसेसचं, कुठल्या रंगाच्या लॉटचं, पाणी काढलं तेव्हा पीएच किती. मामाला त्या लॉटचं रंगाचं नाव विचार, डब्यावर असतं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ. भुकटी आधी गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धू, धुण्याचं पाणी पिवळं येईनासं होईपर्यंत. एक बाटली नुसत्या पाण्याची ठेव, त्यात रंग नाही, फक्त भुकटी. तिचं काय होतं ते लिही. ही बाटली तुझ्या आधीच्या प्रयोगात नव्हती आणि ती असायला हवी होती. निळ्या पाण्यातही मीठ घालून बघ, तुझे ९८ टक्के किती टिकतात ते कळेल. पीएच उतरवायचा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मॅडम समोर असताना आणि हातमोजे घालून कर. घरी करू नकोस. निळी भुकटी स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी बघ, रंग परत सुटतो का. राज्यस्तरावर पुढे कधी जाशील तेव्हा टेबलावर दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी मांड, निळी आणि लाल, आणि तेरावं पान मधोमध. परीक्षकांनी नंबर दिला नाही तरी चालेल. मला कळव, त्या टेबलाशी मी यायला तयार आहे.

आणि बाबा, ७५ हजार वाचलेच आहेत तर त्यातून आधी मिक्सरचं नवं भांडं आणा. जुनं चिपाडाला राहू द्या, तिला अजून बरंच दळायचं आहे.